बावीस गेले, एकवीस आले

तो पिक्चर का पडला, हे मला नीट सांगू शकलेली एकमेव बाई आजच्या दिवशी गेली.

वर्ष झालं.

शकूआत्या. माझ्या वडिलांची बहीण. अहमदपूरची एसटी कंडक्टर.

आम्हा दोघींना अंतराळाच्या पिक्चरचं वेड. एकाच सिरीजचे चार भाग हिंदी डबिंगमध्ये टीव्हीवर इतक्यांदा पाहिले होते की जाहिराती कधी येणार तेही पाठ झालं होतं.

पाचवा भाग आला तो दुष्काळाच्या उन्हाळ्यात. मी तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगला. तिच्या सुट्टीच्या दिवशी तिला बोलावून घेतलं आणि पहिल्याच दिवशी दोघी थिएटरात.

स्टोरी साधी. यान एका कोरड्या ग्रहावर उतरतं, बर्फ वितळवून टाक्या भरतात, राक्षस मागे लागतात, यान कसंबसं पळतं. मग अर्धा पिक्चर नुसती मारामारी.

सुटल्यावर लोक मुकाट्याने आपापल्या गाड्यांकडे गेले. एक शिट्टी नाही.

मी होस्टेलवर जाऊन इथेच, फेसबुकवर, अकरा कारणं लिहिली. व्हीएफएक्स, व्हिलन, स्क्रीनप्ले. तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजायचे.

रात्री आत्याचा फोन.

"तुझं समदं बरोबर असंल. पर जाताना बावीस होते, येताना एकवीस. एक कुठं गेला?"

"कोण गं?"

"टकल्या. टाकी भरायला उतरलेला. यान उडालं तवा त्याची सीट रिकामी होती. मी मोजलं ना."

तिच्या गाडीने प्रवास केलेल्यांना हे लगेच कळेल. गाडी कुठे थांबली की निघण्याआधी ती पहिल्या सीटपासून शेवटपर्यंत मुंडकी मोजायची. आकडा जुळल्याशिवाय डबल बेल नाही.

शनिवारी मी तिच्याच गाडीने घरी निघाले. ड्रायव्हर नेहमीचे पाशाभाई. सीटखाली पाय ठेवायला जागा नव्हती, जो तो नांदेडहून पाण्याचे कॅन नेत होता.

आत्या तिकीट देता देता चौकशी करत होती.

"तो यानाचा पिक्चर बघितला का? कामून न्हाई आवडला?"

"हिरो म्हातारा झाला," एक गुरुजी म्हणाले.

"अंधारच लई होता," कॉलेजची एक पोरगी.

मागून कुणीतरी ओरडलं, "पुढच्या भागात कळंल म्हनतेत. आपला नवा जिल्हा बी पुढच्याच भागात हाय!" नव्या जिल्ह्याचं आश्वासन आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलेलो; गाडीभर हशा.

मग आत्याचा दुसरा प्रश्न. "अन् तो टकल्या?"

प्रत्येकाला तेव्हा आठवायचं. हाव की, तो तिथंच राहिला की.

धोतरातले एक आजोबा बराच वेळ ऐकत होते. त्यांनी पिक्चर पाहिला नव्हता.

"बाई, कोन राहिला मागं? नाव काय त्याचं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. पिक्चरने त्याला नावच दिलं नव्हतं.

"कोरड्यात मानूस सोडून आले, अन् नाव बी घेतलं न्हाई?" आजोबा म्हणाले. "मंग कसा आवडंल लोकाला?"

माझी अकरा कारणं तिथेच संपली.

पुढच्या थांब्यावर एक म्हातारी बाटली भरायला उतरली. नळाला करंगळीएवढी धार. पाशाभाई हॉर्न वाजवून थकले.

"बाई, लेट हून राहिलं. बेल मारा."

"एक कमी हाय, पाशाभाई. बेल न्हाई."

लोक उकाड्यात कुरकुरायला लागले. आजोबांनी मागे वळून दटावलं, "गप बसा. बाई मोजून राहिली."

म्हातारी आली, अर्धी बाटली घेऊन. डबल बेल.

गेल्या वर्षी आत्याचं दुखणं वाढलं. लातूरला न्यायचं ठरलं, तेव्हा रिटायर झालेल्या पाशाभाईंनी स्वतःची जीप काढली. आत्या मागे आडवी, माझ्या मांडीवर डोकं; पुढे पाशाभाईंशेजारी वडील, मागे घरचे आणखी दोघं. तशातही तिने बोट हलवत मोजलं.

"सहा. सोडा गाडी."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

तिला घरी नेणारी अ‍ॅम्ब्युलन्स पुढे निघाली. आम्ही जीपमध्ये बसलो. पाशाभाईंनी गाडी सुरू केली, पण पुढे घेईनात.

"चला ना, पाशाभाई."

ते आरशात बघत होते.

"पाचच हायेत, बेटा. बाईनं बेल न्हाई दिली."

वडील रडायला लागले. शेवटी मीच खिडकीतून हात काढून पत्र्यावर दोनदा थाप मारली. एवढं जड काम मी आजवर केलेलं नाही.

आजोबांचा तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. म्हणून आज हे लिहितेय.

आमच्यातली एक मागे राहिली. तिचं नाव शकुंतला. कंडक्टर, अहमदपूर.

आत्या, जय भीम.