जावयाच्या हिरड्या

चहा गार व्हायच्या आत सांगतो, पण एक अट आहे. हसायचं ते शेवटी हसा, मधे हसलात तर माझी लिंक तुटते. आणि घरी जाऊन बायकोला सांगू नका. माझ्या बायकोला ठाऊक आहे, तुमच्या बायकोला म्हणतोय मी.

मी तेव्हा पूर्णा जंक्शनवर पार्सल ऑफिसात बाबू होतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं असायचं, एसटी कधी बंद होईल याचा नेम नसायचा, त्यामुळे सगळी दुनिया रेल्वेनं फिरायची. माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. पार्सलवरचा पत्ता वाचून आत काय असेल हे ओळखण्यात माझा दिवस जायचा. बहुतेक वेळा चुकायचो, पण म्हणून कुणी ओळखायचं सोडतं का?

त्या हिवाळ्यात पूर्णेत दातांचं शिबिर झालं. परभणीहून डॉक्टर आले होते. मी दात दाखवायला नव्हतो गेलो, नुसता ऐकायला गेलो. डॉक्टर म्हणाले, "हिरड्यांतली घाण रक्तात उतरते. ज्यांच्या हिरड्या खराब, त्यांच्यात हृदयाचा आजार जास्त दिसतो, अशी काही डॉक्टरांना शंका आहे."

मी थक्क झालो. कुठं हिरडी, कुठं काळीज! डॉक्टर पुढंही काहीतरी बोलत होते, पण मी केव्हाच मंडपाबाहेर पडलो होतो. एवढी बातमी हाती लागल्यावर बसवतं का माणसाला?

मग मी दिसेल त्याच्या तोंडात बघायला लागलो. हमालांना हसवायचो आणि हिरड्या बघायचो. स्टेशनमास्तरनं जांभई दिली की मी पुढं वाकायचो. एक दिवस ते म्हणाले, "बाबू, माझ्या तोंडात तुमचं काही हरवलंय का?"

इथवर ठीक होतं. पण माझी बहीण, अक्का, चुडाव्याला दिलेली. तिची पोर सुनंदा लग्नाची. आधी तीन स्थळं मोडलेली, चौथं जिंतूरकडचं. मुलगा भास्कर, शाळेवर मास्तर. सुनंदानं पहिल्यांदाच मान वर करून "चालंल" म्हटलेलं. सुपारी फोडायला मुलाकडचे चुडाव्याला आले आणि मुलीचा मामा म्हणून मीही गेलो.

जेवणाला वेळ होता. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, पाहुण्यांना ऊस दाखवायला मळ्यात घेऊन गेले. मी एक कांडं सोलून मुद्दाम भास्करच्या हातात दिलं. का? अहो, उसासारखी हिरड्यांची परीक्षा दुसरी नाही. त्यानं चावलं, चोथा टाकला. मी खाली बघितलं. चोथा लाल.

मी त्याला बाजूला घेतलं. "हे काय, जावईबापू?"

त्यानं आधी आपल्या वडिलांकडं बघितलं. वडील हेडमास्तर, करड्या मिशांचे, चार हातांवर उभे. मग हळूच म्हणाला, "हिरड्यातून येत आसंल, मामा."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पार्सल बरोबर ओळखल्याचा आनंद.

"जिना चढताना धाप लागती का?"

"आमच्या गावात जिनाच न्हाई."

"छातीत धडधड?"

तो लाजला. "आज जरा व्हायलीय."

संपलं. मी तडक घरी आलो आणि चुलीपाशी अक्काला सांगितलं, "पोराच्या काळजात दोष दिसायलाय." अक्कानं जावेला सांगितलं. जावेनं शेजारणीला. जेवणाची पानं मांडेपर्यंत भास्करला एक झटका येऊन गेला होता आणि हैदराबादच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. दाजींनी सुतकाचं काहीतरी कारण काढून सुपारी पुढं ढकलली. पाहुणे चकित होऊन जेवले आणि गेले.

अक्का रडायला लागली. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "रडू नकू, मी होतो म्हणून वाचलो आपण." तेवढ्यात सुनंदा बाहेर आली. डोळे लाल, पण आवाज घट्ट.

"मामा, तुमी त्यांच्या तोंडात बघायला गेलताव की सुपारीला?"

मी खिशातली बिडी चाचपली.

"दोष आसला तर आसू द्या, मी बघून घेईन. पर नुसतं उसाच्या चोथ्यावर माझं लगीन मोडू नका. डॉक्टरला दाखवा, मग बोला."

त्या पोरीपुढं मला पहिल्यांदा भीती वाटली. चूक असेल तर? चौथं स्थळ माझ्यापायी गेलं तर अक्काच्या दारात परत कोणत्या तोंडानं उभा राहणार होतो?

म्हणून मी भास्करला निरोप धाडला आणि आम्ही दोघं परभणीला त्याच डॉक्टरांकडं गेलो. भास्कर बिचारा काही न विचारता खुर्चीत बसला. डॉक्टरांनी आरसा घालून वर-खाली बघितलं आणि म्हणाले, "इतक्या चांगल्या हिरड्या मी या महिन्यात बघितल्या नाहीत. काय होतंय?"

"मग त्या दिवशी रक्त?" मी म्हणालो.

भास्करनं मान खाली घातली. "रक्त नव्हतं, मामा. चुडाव्याच्या स्टेशनावर पान खाल्लं होतं. आमच्या बाबांना पान चालत न्हाई, आन ते समोरच हुबे. पान म्हणू का हिरडी म्हणू, म्हणून हिरडी म्हणालो. धडधड मात्र खरी होती."

कात-चुन्याचा वास दोन हातांवर असून मला आला नव्हता, बघा. पण हार मानतो तो मी कसला? मी डॉक्टरांना म्हणालो, "पण तुम्हीच सांगितलं ना, हिरड्या आणि काळजाचं?"

"सांगितलं. आणि हेही सांगितलं की अजून नक्की ठरलेलं नाही. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एकीमुळं दुसरी होते असं नाही. तेव्हा तुम्ही कुठं होता?"

मी मंडपाबाहेर होतो, हे काही मी सांगितलं नाही.

"तुम्ही बसा बरं खुर्चीत," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या हिरड्यांतून थेंब येत नाही, डॉक्टरसाहेब. कधीच नाही."

"बिडी ओढता?"

"दिवसाला एक कट्टा, अख्खं बंडल."

"म्हणून येत नाही. बिडी रक्त दाबून ठेवते, आतून सगळं सडत राहतं." त्यांनी बारीक सळई घातली आणि माझा पुढचा दात नुसत्या बोटानं हलवून दाखवला. मग दुसरा. मग तिसरा. भास्कर शेजारी उभा राहून मोठ्या उत्सुकतेनं माझ्या तोंडात बघत होता. "हिरडीचं नंतर बघू, पण बिडीनं हृदय बिघडतं यात मात्र शंका नाही. आधी छातीचा कार्डिओग्राम, ती कागदाची पट्टी, काढून या."

पट्टी चांगली निघाली. दात वाचले नाहीत. वरचे पुढचे पाच गेले, कवळी बसवायला तीन महिने थांबायचं होतं. परतीच्या गाडीत आमचा करार झाला. त्याचं पान मी सांगायचं नाही, माझं तोंड त्यानं सांगायचं नाही. घरी मी एवढंच म्हणालो की काळीज उत्तम आहे. सुनंदानं माझ्याकडं बघितलं, सगळं ओळखलं आणि पहिल्यांदा हसली. मला फार बरं वाटलं.

पंधरा दिवसांत लग्न लागलं. अंतरपाट धरलेला, मी वधूमागं तोंड घट्ट मिटून उभा. अक्षता पडायच्या आधी भास्करच्या वडिलांचं काहीतरी बोलणं ऐकून मला हसू आलं आणि ओठ उघडले. तेवढ्यात भटजींनी माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "आजोबा, जरा बाजूला सरका. मुलीच्या मामाला उभं राहू द्या."