ओलेटा बिकेटनं पाचर ठोकली नाही

ओलेटा बिकेटच्या तोंडून 'हो' हा शब्द कुणी ऐकला नाही, असं केंटकीतल्या त्या नदीकाठच्या गावात म्हणतात. लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हासुद्धा तिनं नुसती मान हलवली होती म्हणे. खरंखोटं सांगायला नवरा आता हयात नाही. हर्शेल मॅटिंगली मात्र ठणठणीत आहे. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, चर्चच्या शुक्रवारच्या मासळीच्या पंगतीत, त्यानं तिला मागणी घातली आणि तिनं चारचौघांदेखत 'नाही' म्हटलं. हर्शेलच्या तोंडातला मासा तोंडातच राहिला. बघणारे हे अजून सांगतात, आणि दर वेळी तो मासा थोडा मोठा होतो.

दोघांनीही जन्म काढला तो एकाच दारूभट्टीच्या गोदामात. हर्शेल पिंपं लाटणाऱ्या, म्हणजे गडगडवत जागेवर नेणाऱ्या गड्यांचा मुकादम. ओलेटाचं काम गळती शोधून पाचरीनं बुजवण्याचं. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात हातोडी, एप्रनच्या खिशात देवदाराच्या पाचरी. चौतीस वर्षं ती मजल्या-मजल्यावर हुंगत फिरली. बर्बन, म्हणजे तिकडची मक्याची व्हिस्की, कुठं झिरपतेय हे तिला डोळ्यांआधी नाकाला कळे. हेच नाक ती गावच्या भानगडींनाही लावी आणि तिथंही सहसा चुकत नसे.

यंदा मालकाच्या जावयानं, ट्रेंटनं, नवं खूळ काढलं. म्हाताऱ्या मालकानं स्वतः गाळलेली शेवटची अकरा वर्षांची बर्बन होती, छत्तीस पिंपं. म्हातारा गेला, त्याचं जुनं खमीरही गेलं. तशी पुन्हा होणं नाही. ती ट्रेंटनं फ्रान्सहून आणलेल्या लाल वाइनच्या रिकाम्या पिंपांत भरली. सहा महिने मुरवायची आणि मग उंची बाटलीत घालायची. ओलेटानं आधी नाक मुरडलं, मग एक रिकामं पिंप हुंगलं आणि म्हणाली, "खूळ वाईट नाहीये." तिच्या तोंडी ही आरतीच समजायची.

घोडं अडलं लाटण्यापाशी. गोदामात पिंप आडवं रुळांवर ठेवून आत ढकलतात, एका रांगेत अठरा. एकदा आत गेलं की फिरवता येत नाही. तेव्हा गडगडत जागेवर पोचल्यावर त्याच्या पोटावरचं बूच बरोबर वर आलं पाहिजे. नाहीतर दारू बुचाशी टेकते आणि गळते. म्हणून कितव्या पिंपाचं बूच सुरुवातीला कुठं धरायचं, याचा हिशेब हर्शेलच्या डोक्यात पक्का. बापाकडून शिकलेला. मोजायचं म्हणजे त्याला अपमान वाटे.

"हर्शेल, ही पिंपं पोटाशी जाड आहेत," ओलेटा म्हणाली. "जास्तीचं रिकामं आलंय ना, ते आधी लाटून बघ."

"चाळीस वर्षं पिंपं लाटतोय मी, बाई! आता तू शिकवणार?"

"शिकायचं वय गेलं तुझं. मोजायचं नाही गेलं."

"तू आपली हुंगत बस!"

गडी खिदळले. पिंपं आत गेली. रांगेच्या तोंडाशी जी उभ्यानं दिसत होती, त्यांची बुचं सरळ वर होती. हर्शेलनं मिशीवर हात फिरवला आणि सगळे जेवायला गेले.

गुरुवारी सकाळी ओलेटा वासानं दारातच थबकली. बॅटरी घेऊन ती रुळांखालून सरपटत रांगेच्या मागच्या टोकाला गेली. आतल्या पिंपांची बुचं पार कुशीवर वळलेली, आणि खाली जमिनीवर लालसर ओल. तिनं रिकाम्या पिंपाला दोरी गुंडाळली, जुन्यालाही गुंडाळली. एका फेऱ्याला चार बोटांचा फरक. सहा फेऱ्यांत हातभर. तोंडाशी फेराच पुरा होत नाही, म्हणून तिथं सगळं छान दिसत होतं.

ट्रेंट धावत आला. "ओलेटाबाई, बुचांभोवती पाचरी ठोका आणि भागवा. शनिवारी पाहुणे येणारेत, मोठे खरेदीदार. रांगा मोडायच्या नाहीत."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"पाचर मी चीर पडलेल्या लाकडाला ठोकते, बाळा. गड्यांच्या चुकीला नाही. बूच दारूत बुडालंय. पाचरीनं आठवडा निघेल. सहा महिन्यांनी बाटलीत काय भरशील, पाहुण्यांचे फोटो?"

"मी तुम्हाला घरी पाठवू शकतो."

"पाठव की. पण मी घरी बसले तर माझ्या तोंडाला दुसरा उद्योग नाही. उद्या शुक्रवार. चर्चमध्ये मासळी आहे."

ट्रेंटचा चेहरा पडला. तोवर ओलेटानं रांगेच्या तोंडाशी पिंपं अडवणारी ठोकळी हातोडीनं उडवलीसुद्धा. पहिलं पिंप तिनं दोन्ही हातांनी ओढलं. सहासष्ट वर्षांची बाई, मानेच्या शिरा तटतटल्या, पण पिंप हललं. दुसऱ्याला हात घातला तेव्हा हर्शेल रस्ता अडवून उभा राहिला.

"माझी रांग आहे ही."

"म्हणूनच गळतेय. सर बाजूला, नाहीतर पायावरून नेईन."

हर्शेल हलेना. तिनं दोरी त्याच्या छातीवर फेकली. "मोज. मी खोटी ठरले तर अख्ख्या गावासमोर तुझी माफी मागीन."

या आमिषाला कोण बळी पडणार नाही? त्यानं रिकामं पिंप मोकळ्या रुळांवर लाटलं, जुन्या हिशेबानं, अगदी टोकापर्यंत. मग वाकून बघितलं. बूच कुशीवर. तो बराच वेळ वाकूनच राहिला. गड्यांना वाटलं, कंबर धरली.

"सगळ्यात आतल्याला कुठं धरायचं?" शेवटी तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

"जुन्या जागेच्या हातभर मागं."

"हात कुणाचा, तुझा की माझा?"

"माझा. तुझ्या हातावर आता कोण विश्वास ठेवणार?"

तीन दिवस चाललं ते काम. सगळं धरून पावणेदोन पिंपं दारू गेली, बाकीची वाचली. शनिवारी पाहुणे आले तेव्हा दुसरी रांग अजून वाटेतच होती. ट्रेंट गोड हसून म्हणाला, "ही आमची जुनी परंपरा. वाइनची पिंपं आम्ही दोनदा लाटतो."

"परंपरा कसली!" ओलेटा आतून ओरडली. "चूक झाली होती, निस्तरतोय. आणि बुटांना पॉलिश केलेले आधी बाजूला व्हा, पिंप येतंय!"