समद्यांना रानी व्हायचं होतं

शिरूर ते दौंड ह्या पट्ट्यात आमच्यासारख्यांची पयली संघटना मी उभी केली. तिच्यात समद्यांनाच रानी व्हायचंय आन् राजा व्हायला एकबी मानूस न्हाई, हे मला जत्रा तोंडावर आल्यावर कळलं.

आबा गोदामाच्या दारात येऊन हुबे होते. आबा म्हंजी सोसायटीचे चेरमन. शेतकऱ्यांना खत-बियानं देनारी सोसायटी. तिच्या खताच्या गोदामामागची खोली त्यांनी आमच्या नाट्यमंडळाला तालमीसाठी फुकट दिली होती. तालीम वर्सभर चालली होती, नाटक मातूर कुनी बघितलं न्हवतं.

"मास्तर, तालीम कवा संपायची?"

"कला हाय आबा. दमानं घ्यावं लागतं."

"दम आमचा संपला. आमच्या गावच्या जत्रंत कुस्त्या झाल्या की लगीच तुमचं नाटक. बत्त्या तमाशावाल्यांनी धरल्यात, तवा दिस बुडायच्या आत उरकायचं. न्हाई जमलं तर खोली मोकळी करा, मला पोती ठेवायचीत. आन् एक ध्यानात धरा. स्टेजवर बाई नको. आमचं गाव सोज्वळ हाय. बायकांची कामं गड्यांनीच करायची."

रातच्या तमाशात पयल्या रांगंतली खुर्ची आबांचीच होती, पन ते मी कशाला बोलू? मी म्हनलो, "आबा, त्याची काळजीच करू नका." एवढं खरं मी जल्मात कुनाशी बोललो न्हवतो.

आता मी कोन ते सांगतो. मी शिंपी. शाळंची पायरी चढलो न्हाई, तरी लोक मास्तर म्हनतात, कारन शिंप्याला मास्तर म्हनायची रीत हाय. माझं दुकान शिरूरच्या बाजारात. जत्रांच्या दिवसांत गावोगावची पोरं नाटकं बसवायची आन् लुगड्यावरच्या चोळ्या माझ्याकडं शिवायला टाकायची. तिथंच मला आमची मानसं वळखायची युक्ती सापडली. ज्याला नाटकासाठी चोळी पायजे, तो म्हनतो, "कशीबी शिव रं." ज्याला चोळीसाठी नाटक पायजे, तो आरशापुढनं हालत न्हाई. असा कुनी रेंगाळला की मी हळूच म्हनायचो, "बाजारच्या दिवशी सांजच्याला गोदामात ये. आमचं मंडळ हाय."

अशी मी संघटना वाढवली. कुनाला गडी आवडायचा, कुनाला लुगडं, कुनाला दोन्ही. खोलीत नाटक कसलं? कुनी लुगडं नेसून च्या करायचं, कुनी मनातल्या गड्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. भाईर तेच नाव घेतलं असतं तर दात हातात आले असते. आन् काशिनाथ तर तिथंच ऱ्हायचा. वडगाव रासाईचा. भावांनी घराभाईर काढला होता. "लगीन करून ये, न्हाईतर येऊ नको," म्हनले. खताच्या पोत्यांवर गोधडी टाकून झोपायचा. अंगाला सल्फेटचा वास यायचा, पन म्हनायचा, "मास्तर, हितं झोप लागती."

खोली गेली तर ह्यानं जायचं कुठं? म्हनून नाटक करनं आलं.

मिशनच्या शाळंतले दानिएल सर आमच्यातलेच. त्यांनी नाटक लिवलं. राजा, त्याच्या रान्या, सवतीमत्सर, आन् शेवटाला राजाचा वनवास. कामं वाटायला बसलो आन् माझ्या युक्तीतली गोम कळली. आरशापुढं रेंगाळनारी मानसं मी गोळा केलेली. त्यात राजा कुठनं येनार?

"सर, नुसत्या रान्यांचं नाटक लिवा की," मी म्हनलो.

"मास्तर, राजाच नसेल तर राण्या भांडतील कुणावरून?" सर म्हनले. "आणि राजमातेचं काम मी करणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो."

माझी सगळी भिस्त बापू पैलवानावर. हाताएवढी मिशी, दाराएवढी छाती. म्हनलं, "बापू, राजा तूच."

बापू खाली बघत म्हनला, "मास्तर, घरी राजा, तालमीत राजा, आखाड्यात राजा. जल्म गेला राजा हुन्यात. हितं तरी मला रानी हू द्या."



मी म्हनलो, "बरं. पन मंडळ मी काढलंय, तवा पट्टरानी मी."

काशिनाथ म्हनला, "मास्तर, तुमी पट्टरानी झाला तर राजा वनवासाला का गेला, ते लिवायचीबी गरज न्हाई." समदे हसले. माझ्या वाट्याला दासी आली. पंखा हालवायचा आन् गप बसायचं.

मग मी राजाचा मखमली डगला शिवला आन् येस्टीनं दौंडला गेलो. जंक्शनात सतरा गावची मानसं येतात, राजा तिथं घावंल असा हिशेब. माझी युक्ती तीच, फकस्त आता चोळीच्या जागी डगला. प्लॅटफारमावर बाकावर डगला पसरून बसलो आन् कोन रेंगाळतंय ते बघत ऱ्हायलो. एका हमालानं खिसे चाचपले. एका शिपायानं इचारलं, "कुनाचा चोरलास?" गाड्या आल्या, गेल्या, कोळशाची धूळ डगल्यावर बसली. राजा काय येईना.

मी डगल्याची घडी घालायला लागलो, तवर एक शेंगावाली म्होरं आली. गंगू तिचं नाव. पाटी खाली ठिवली. इचारलं न्हाई, काय न्हाई, डगला उचलला, अंगात घातला, बटनं लावली, कॉलर वर केली. मग हुब्या गाडीच्या डब्याच्या काचंत स्वतःला बघत ऱ्हायली. गाडी सुटली, काच गेली, तरी ही तिथंच.

"मास्तर, खांद्यात घट्ट हाय," माझ्या गळ्यातली टेप बघून ती म्हनली. "मार्जिन सोडलंय का?"

मार्जिन म्हंजी शिवनीच्या आत सोडलेलं जादा कापड. अंग सुटलं तर उसवून कपडा वाढवता येतो. मी तिला नाटकाचं समदं सांगितलं आन् म्हनलो, "मार्जिन सोडलंय. पन तू बाई हायस. आबा बाईला स्टेजवर येऊ देत न्हाईत."

"मग आबांना बाई दाखवताय कशाला? राजा दाखवा. मी घरी सखूला सांगून येते. आमी दोघी एका चुलीवर ऱ्हातो. ती हो म्हनली तर आले."

सखू हो म्हनली. वर मिशीसाठी घोड्याच्या शेपटीचे केस तिनंच आनून दिले.

जत्रंच्या दिवशी बापूनं कुस्ती मारली, नारळ घेतला, आन् अंगाची तांबडी माती पुसत पडद्यामागं येऊन शालू नेसायला लागला. मिशी काढता येईना, कारन बाप जिता असताना मिशी काढत न्हाईत. मग त्यानं नाटकभर तोंडावरचा पदर हालू दिला न्हाई. लोक म्हनले, "काय घरंदाज रानी हाय!"

आन् गंगू? डोक्याला मंदिल, कमरेला तलवार. तिनं पयली हाळी दिली आन् पैलवान उठून नीट बसले. सखू बायकांत बसून डोळ्याला पदर लावीत होती.

नाटक बेस झालं. पडदा पडनार तवर आबा स्टेजवर चढले. हातात गुलाबी फेटा. भाषन सुरू झालं. "मंडळी, ही आपली संस्कृती! स्टेजवर एक बाई न्हाई आन् तरी सोळा आने नाटक! आन् असा मर्द राजा मी पंचक्रोशीत बघितला न्हाई. राजे, उतरवा मंदिल. हा फेटा मी माझ्या हातानं बांधनार."

मंदिलाखाली गंगूच्या हातभर केसांचा आंबाडा. आबांचा हात मंदिलाला लागला. काशिनाथ पांढराफटक पडला. समदी माझ्याकडं बघायला लागली, मंडळ माझं म्हनून.   घाबरून मी आबांचे पाय धरायला वाकलो.

आता हितं शिंप्याची एक गोष्ट. शिंप्यानं स्वतःचं माप स्वतः घेऊ नये. मी माझ्या चोळीचं माप पोट आन् श्वास दोन्ही आत वढून घेतलं होतं, बारीक दिसावं म्हनून. आन् समद्यांच्या कपड्यात मार्जिन सोडलं, माझ्याच चोळीत सोडलं न्हाई.

चोळी पाठीवर वरनं खालपतोर फाटली. आवाज मागच्या रांगंपतोर गेला. आतल्या चिंध्यांचे गोळे गडगडत आबांच्या पायाशी. मी ते गोळा करायला गेलो तर लुगडं सुटलं.

अख्खी जत्रा लोळायला लागली. आबा इतकं हसले की त्यांना हुबं ऱ्हायला येईना. एका हातानं त्यांनी बापूचा खांदा धरला, दुसऱ्या हातातला फेटा राजाच्या हातात कोंबला आन् डोळे पुसत खाली उतरले. जाता जाता म्हनले, "खोली तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. फकस्त ह्या दासीला परत स्टेजवर आनू नका."

काशिनाथ त्या खोलीत लई वर्सं ऱ्हायला. फेटा दौंडला गंगूच्या खुंटीला हाय. दसऱ्याला ती बांधते आन् सखू तिला ओवाळते. आमच्या मंडळात पुढं राजे कमी पडले न्हाईत, कारन मी दुकानात आरशापाशी चोळीसंगं एक डगलाबी टांगायला लागलो. कपडा असू द्या न्हाईतर मंडळ, आत मार्जिन पायजे, म्हंजी आपल्या मापात नसलेलं मानूसबी बसतं.

त्या दिवशी जत्रंतनं माघारी बैलगाडीतनं येताना हे शहानपन मी समद्यांना सांगत होतो. बोलता बोलता म्हनलो, "आन् गंगू, तुला म्हनून सांगतो, ती चोळी मी मुद्दाम उसवली बरं का. तुला वाचवायला."

गंगू मिशी सोलीत होती. मान वर न करता म्हनली, "मास्तर, गप बसा. तुमाला मुद्दाम बसून धड शिवता येत न्हाई, मुद्दाम उसवता कवापास्नं यायला लागलं?"