तिथं म्होरचं इचारा

आमच्या शाळेतल्या मामांनी कुणाला पूर्ण रस्ता सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही. परगावचा माणूस फाटकाशी गाडी थांबवून अमक्याचं घर कुठं म्हणून विचारायचा. मामांना ते घर, घरातली माणसं, दावणीची जनावरं सगळं ठाऊक असायचं. तरी हात लांब करून एवढंच म्हणायचे, "त्या पाण्याच्या टाकीपर्यंत जावा. तिथं म्होरचं इचारा." माणूस वैतागून निघायचा. आम्ही पोरं त्यांना पाठीमागं 'म्होरचेमामा' म्हणायचो. शब्दांचा एवढा कंजूस माणूस लोहारा तालुक्यात दुसरा नाही, असं आमचं ठाम मत होतं.

मामा शाळेचे शिपाई. त्याआधी टेलिफोनच्या तारांसाठी चर खणायच्या कामावर होते. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा ते जोडायला लातूरहून एक इंजिनिअर आला. चार दिवस मामांनी त्याची शिडी धरली आणि प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडलं. जाताना तो वायरीला जॅक मारायचा चिमटा आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी जुनी पेटी, म्हणजे स्विच, मामांच्या हातावर ठेवून गेला. मामा सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचायचे. पण स्विचवरचे हिरवे दिवे ते असे वाचायचे, जसं आपण पेपर वाचतो.

नववीत मी हे शिकवा म्हणून त्यांच्या मागं लागले, तेव्हा आधी वायर सोलायला दिली. आत आठ बारीक तारा. "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा..." हे मामा पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचे. मी पहिले सात जॅक वाया घालवले, मामा एकदाही रागावले नाहीत. आठवा बसला. मामांनी या टोकाच्या कॉम्प्युटरवरून त्या टोकाच्या कॉम्प्युटरला हाक मारायची आज्ञा टाइप केली. पडद्यावर उत्तराच्या चार ओळी उमटल्या. प्रत्येक ओळीला मामा मोठ्यानं म्हणाले, "पोचलं. पोचलं. पोचलं. पोचलं." दहावीत पहिली आले तेव्हाही मला तेवढं भारी वाटलं नाही.

एकदा मी विचारलं, "मामा, स्विच आणि राउटरमध्ये फरक काय?"

"स्विच म्हंजी गल्लीतली म्हातारी," मामा म्हणाले. "कोन कुठल्या दारातनं बोललं, ध्यानात ठिवती. कुनी ठावं नसलं तर समद्या दारात हाळी देती. जबाब आला की फिरून वरडत न्हाय. राउटर म्हंजी येशीवरला माणूस. त्येला घर ठावं नसतंय, फकस्त म्होरची येस ठावी."

"मग निरोप घरी पोचतो कसा?"

"परतेक येशीवर माणूस हाय की."

दहावीच्या वर्षी एकदा कॉम्प्युटरची खोली आवरताना मला स्विचमधून आलेल्या एका वायरीचं दुसरं टोक नुसतंच लोंबकळताना दिसलं. मला मेलं मोकळं टोक बघवत नाही. त्याच स्विचला एक रिकामी खाच होती, दिलं खुपसून. क्षणात सगळे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकायला लागले आणि खोलीतल्या एकाही कॉम्प्युटरचं दुसऱ्याशी बोलणं होईना. सरांनी तीनदा सगळं बंद करून चालू केलं. काही उपयोग नाही. मामा पाण्याची कळशी ठेवून स्विचपुढं उकिडवे बसले आणि मिनिटभर नुसते बघत राहिले. "हाळी घुमायलीय," ते म्हणाले. "ह्या दारानं भाईर पडती, त्या दारानं आत येती. थांबंल कशी?" आणि एवढ्या गुंत्यातून त्यांनी नेमकी तीच वायर उपटली, जत्रेतल्या गर्दीत हात घालून आपलंच पोर ओढून काढावं तशी. दिवे शांत झाले. मी कबूल केलं, "मामा, मीच लावली होती."

"मोकळं टोक बघवत न्हाय व्हय तुला?" ते हसले. "असू द्यावं गं पोरी. समदंच जोडायचं नसतंय."

दहावी झाली. मला धाराशिवला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जायचं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, नाही म्हणत होते. त्यात राग नव्हता, काळजी होती. धाराशिवनंतर काय? नोकरी कुठं? पोरगी पुण्याला निघाली तर राहणार कुणाकडं? पुढचं सगळं दिसल्याशिवाय अण्णा शेतातसुद्धा पाऊल उचलत नसत. अर्ज भरायला दोन दिवस उरले, तेव्हा मी मामांपुढं रडले. त्याच संध्याकाळी मामा घरी आले.

अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "मामा, तुमीच सांगा. पोरगी शिकली तर म्होरं काय?"

मी दाराआड उभी होते. मामा आता पगार सांगतील, मोठमोठ्या कंपन्या सांगतील म्हणून देवाचा धावा करत होते. मामांनी बशीतला चहा संपवला.

"भाऊ, म्होरचं मला ठावं न्हाय. धाराशिवपर्यंत धाडा. तिथं म्होरचं इचारा."

एवढं बोलून ते उठून गेले. मला असा संताप आला म्हणता! निदान आज तरी या माणसानं चार शब्द जास्तीचे खर्च करावेत की नाही?

अण्णा मला पुढ्यात बसवून म्हणाले, "भूकंपाच्या येळंला मामा तरणा व्हता. उमरग्याकडनं एक माणूस भनीला हुडकत आला. मामानं त्येला पुरा रस्ता सांगितला. हितनं तिकडं, तिथनं आमक्या दवाखान्यात. पर मामाला ठावं व्हतं ते आदल्या दिसाचं. जखमी लोक सकाळीच दुसरीकडं हलिवले व्हते. त्या माणसानं वाटंत कुनालाच इचारलं न्हाय, रस्ता ठावा हाय म्हनून. भन घावली तवा लई उशीर झाला व्हता."

अण्णांनी मामांची रिकामी बशी उचलून ठेवली. "त्या दिसापास्नं मामा डोळ्यानं बघितलंय तेवढंच सांगतो. आन् आज त्यो धाराशिवपर्यंत म्हनला. म्हंजी तितवर पक्कं हाय."

सकाळच्या पहिल्या एसटीनं अण्णा स्वतः माझ्यासोबत अर्ज भरायला आले. तो भरून वसतिगृह बघायला गेलो, तर तिथल्या बाईंनी अर्जावरचं गावाचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "सास्तूरचे का? तुमच्या शाळेतला एक माणूस गेल्या आठवड्यात येऊन खोल्या, खिडक्यांचे गज, पाण्याची टाकी, सगळं बघून गेला." अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मामांनी मला याबद्दल कधी अवाक्षर सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर राउटिंग शिकवलं. राउटरला पूर्ण वाट ठाऊक नसते, फक्त पुढचा मुक्काम ठाऊक असतो. वाटेत काही बदललं तर पुढचा राउटर बघून घेतो. अख्ख्या जगाचं इंटरनेट याच रीतीनं चालतं. वर्गाला हे अवघड गेलं. मी मात्र डोळे पुसत बसले होते. आज मी पुण्यात अशाच एका नेटवर्कच्या खोलीत काम करते, आणि राउटरमधल्या पुढच्या मुक्कामांच्या तक्त्याच्या ओळी भरताना अजूनही मामा आठवतात. एवढं अफाट जग आणि ते मामांच्या नियमानं चाललंय.

गेल्या हिवाळ्यात मामा गेल्याचं उशिरा कळलं. मी सास्तूरला गेले. गावातलं असूनही कब्रस्तान मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून स्टँडवर एका अनोळखी तरुणाला वाट विचारली. तो म्हणाला, "मशिदीपर्यंत जावा. तिथं म्होरचं इचारा." मशिदीजवळच्या दुकानदारानं कडुलिंबापर्यंत पाठवलं. कडुलिंबाला टेकून कब्रस्तानची भिंत होती. तिथं पुढचं विचारायला कुणी नव्हतं.

मी भिंतीबाहेर उभी राहिले. "पोचले, मामा," म्हणाले. एकदा म्हणून भागेना, चार वेळा म्हणाले.