घराला वारा सांगणारे धर्मा तांडेल

धर्मा तांडेल रोज सकाळी घराला वारा सांगत. खाडीवरून फिरून येत, पाय धूत, मधल्या खांबावर तळहात टेकवत आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणत, "आज वारा दक्षिनेचा हाय. दुपारपातुर जोर करंल. सांभाळून ऱ्हा." मग दुसरा खांब, मग तिसरा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातात तांब्या घेऊन माळ्याच्या जिन्यावर उभा होतो. कुणाच्या तरी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं मला झालं आणि मी पाय न वाजवता पुन्हा वर गेलो.

साठच्या दशकाचा मध्य असेल. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि मी एका ठेकेदाराच्या गुदामात कारकून म्हणून फलटणहून आलो होतो. बोईसरला खोली मिळेना, म्हणून कुणीतरी दांडी गावच्या तांडेलांचं नाव सांगितलं; तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. घर अगदी किनाऱ्याला होतं, सगळं सागवानी. पुढचा भाग दुमजली, वर समुद्राकडे तोंड केलेली लाकडी गॅलरी. तिच्यामागची माळ्यावरची खोली मला मिळाली.

त्या खोलीत मी जेवढा झोपलो, त्याहून जास्त वेळ अर्धवट झोपेत असे. भरतीच्या वेळी पाण्यावरचा उजेड छताला येऊन हलायचा. लाकडं अंग ताणल्यासारखी वाजायची. दुपारी डोळे मिटले की वाटायचं, दोर सुटला आणि आपण निघालो. कुठे, ते मात्र कधी कळलं नाही. घरी आईला पत्र लिहायचं म्हणून मी दौत उघडून बसे आणि जागा होई तेव्हा पाणी मैलभर मागे गेलेलं असे.

मला जे वाटायचं, तो नुसता भास नव्हता. तांडेलांच्या आजोबांचं गलबत होतं, ते मीठ घेऊन दूरदूर जायचं. एका वादळात ते खडकावर फुटलं. माणसं वाचली. आजोबांनी किनाऱ्याला लागलेलं एकेक लाकूड गोळा केलं आणि त्याचंच हे घर बांधलं. त्यामुळे तांडेल घराची निगा होडीसारखीच ठेवत. चैत्रात खांबांना आणि फळ्यांना मुशी माशाच्या काळजाचं तेल चोळायचं. फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा. वैशाखात कौलं उतरवून पुन्हा चढवायची आणि समुद्राकडच्या भिंतीला ताडाच्या झावळ्यांचा पडदा बांधायचा. नारळी पौर्णिमेनंतर तो सोडायचा आणि त्या भिंतीच्या फळ्यांवरचं खारं गोड्या पाण्याने धुऊन काढायचं.

हे गोडं पाणी गावाबाहेरच्या विहिरीवरून सून पारू आणायची. सासऱ्याला ती मामा म्हणे. हंडा उतरवताना ती मोठ्याने ऐकवायची, "माणसांना घोट नाय नि लाकडांना आंगोळ. मामा, उटनं पन लावा आता."

"लावू की, दिवाळी येऊ दे," तांडेल म्हणायचे.

तेलाच्या वासाचं सांगायला हवं. पहिल्या चैत्रात तो माझ्या शर्टांत, उशीत, भातात शिरला. गुदामात माझ्या शेजारी कुणी बसेना. तांडेलांना हे कळलं तेव्हा ते मनापासून हसले. "भावा, वास येतो म्हंजे लाकूड जितं हाय. वास गेला का समज, मेलं."

मी स्वभावाने स्वतःला दोष देत बसणारा माणूस आहे. आजही आहे, तेव्हा तर फारच होतो. तांडेलांचा मुलगा हरी आमच्याच ठेकेदाराकडे लोखंडाच्या कामावर होता. दिवसभर तो सिमेंटच्या उभ्या राहणाऱ्या भिंती पाहायचा आणि संध्याकाळी घरी येऊन वाकलेल्या कौलांकडे बघायचा. त्याला स्लॅबचं घर हवं होतं. मला वाटू लागलं की आम्ही बाहेरचे लोक इथे आलो म्हणून हे झालं. एकदा गॅलरीत जाळं विणत बसलेल्या तांडेलांना मी तसं बोलूनही दाखवलं.

त्यांनी जाळ्यातून मान वर केली नाही. "सिमेंट तू पाठीवर आनलंस काय?"

"तसं नाही, पण..."

"मग? सगळ्या पापांचा तांडेल तूच होतोस काय रे? दुसऱ्यांना पन ठेव थोडी."

त्या वर्षी तांडेल कौलं चाळताना छपरावरून घसरले. हाड सांधलं, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. छपराचं काम त्यांच्याने पुन्हा होणार नव्हतं, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. बोलून दाखवलं ते हरीने.

"बा, आता तुज्यानं व्हायचं नाय. पाडू नि स्लॅब टाकू. एकदा टाकला का झोपायचं निवांत."

पारू चुलीपाशी थांबली. मी जेवणावरून उठावं की बसावं, या विचारात ताटातला भात चिवडत राहिलो. तांडेलांनी हात धुतला, पंच्याला पुसला.

"एक पावसाळा तू सांभाळ. चैत्रापासून नारळी पुनवेच्या पुडंपातुर, मी करतो तसं सगळं. मंग सांग पाड म्हनून. पहिली पहार मी घालीन."

हरीने लगेच मान्य केलं. बापाने हट्ट सोडला असं त्याला वाटलं असावं. मला वाटलं, बापाने जाळं टाकलं. काम करता करता मुलाचा जीव घरावर जडेल, हा त्यांचा होरा मला दिसत होता आणि तो खरा ठरावा असं मला फार वाटत होतं.

चैत्रात हरी कामावरून आला की कंदील लावून तेल चोळायचा. तांडेल खाली बसून बघत, बोलत नसत. फक्त एखादी जागा सुटली तर काठी त्या जागेवर टेकवत. "दिसलं, दिसलं," हरी वैतागून म्हणे. वैशाखात त्याने कौलं चाळली, झावळ्यांचा पडदा बांधला. आषाढात एका दुपारी वावधान सुटलं. पडद्याची एक बाजू सुटून भिंतीवर आपटू लागली. हरी त्या माऱ्यात शिडीवर चढला. खाली शिडी मी धरली होती आणि तांडेल दारात उभे राहून ओरडत होते, "वाऱ्याच्या अंगावर जाऊ नको रे! दम टाकंल तवा बांध!" वारा क्षणभर थांबे, हरी एक गाठ मारी, पुन्हा फळीला बिलगे. भिजून खाली उतरला तेव्हा त्याचे हात सोलले होते. तांडेलांनी तेच मुशीचं तेल त्याच्या तळव्यांना लावलं. त्या दिवशी मला खात्री वाटली की घर वाचलं.

नारळी पौर्णिमा झाली. हरीने पडदा सोडला, फळ्या धुतल्या. ओल्या सागाला ऊन लागून सगळी भिंत तांबूस झाली होती. आम्ही ओटीवर बसलो होतो. हरीने ओले हात पुसले.

"बा, घर चांगलं हाय," तो म्हणाला. "मला ठावं नव्हतं एवढं. पन हे दर वर्सी माज्यानं नाय व्हायचं. केलं म्हनून सांगतो. नोकरी नि हे, दोन्ही नाय."

मी तांडेलांकडे बघितलं नाही. बघवत नव्हतं. मुलगा खोटं बोलत नव्हता, आणि तेच वाईट होतं.

तांडेल उठले, समुद्राकडच्या भिंतीपाशी गेले आणि परत आले. "मेहनत सगळी हिची हाय," ते म्हणाले. "ही बाजू नि माळा. खारं हिलाच लागतं, वारा हिलाच लागतो. मागचं घर काय मागत नाय. पुडचं काढू. तुला जमंल तेवडंच ठेवू."

"पुडचं म्हंजे? गॅलरी पन?" पारू आतून बाहेर आली. "मामा, तुमी बसनार कुठं?"

"बसायला काय लागतं गो? बूड नि जागा."

ती गॅलरी म्हणजे तांडेलांचं सगळं होतं. होड्या परततात कधी, कुणाचं शीड कसं भरलंय, ढग कुठून येतात, हे ते तिथूनच बघत. हात अधू झाल्यापासून त्यांचा समुद्र तेवढाच उरला होता.

पहिली पहार त्यांनी घातली, डाव्या हाताने. नंतर मात्र पाडापाडी नव्हती. एकेक खिळा उपसून, एकेक फळी सोडवून पुढचा भाग उतरवला. चांगलं लाकूड उरलेल्या घराच्या तुळयांवर रचून ठेवलं. पुढे एखादा खांब किंवा फळी कुजली तर बदलायला म्हणून. "आता तुज्या नातवापातुर सामान घरातच हाय," ते हरीला म्हणाले.

माझी खोली अर्थातच गेली. निघताना मी पुन्हा तेच केलं. म्हणालो, भाडेकरू म्हणून माळा अडवून बसलो नसतो तर कदाचित आधीच काही सुचलं असतं. तांडेलांनी माझी वळकटी डाव्या हाताने उचलून दिली. "भावा, माळ्यावर तू झोपलास. एवडंच केलंस. चांगली झोप लागली ना?"

लागली होती. तशी पुन्हा कुठेच लागली नाही.

पुढे मला पालघरला काम मिळालं. मी अधूनमधून दांडीला जात असे. घर बुटकं झालं होतं, समुद्राकडे पाठ करून वस्तीकडे तोंड केलेलं. तांडेल नव्या ओटीवर बसत, त्यांच्या मागे भिंत. समुद्र दिसत नाही याचं वाईट वाटतं का, असं विचारण्याचा धीर मला कधी झाला नाही. एकदा ते आपणहूनच म्हणाले, "पारूच्या हंड्याच्या खेपा आता कमी झाल्या." त्यांना त्याचा आनंद वाटत होता, असं मला वाटतं.

ते गेले तेव्हा मी गावी होतो. परत आल्यावर कळलं. दांडीला पोचलो तो वैशाख होता. हरी छपरावर बसून कौलं उतरवत होता. मी खाली उभा राहून विचारलं, "स्लॅबचं काय झालं रे?"

"टाकनार हाय," तो वरून म्हणाला. "एवडी कौलं चाळून होऊ दे."

"मागल्या वर्सी पन हेच बोलला," पारू दारातून म्हणाली.

हरीने एक कौल हातात फिरवलं, बोटाने वाजवून कान दिला, आणि परत जागेवर बसवलं.