चौघांपुरती शेगडी

दार ओढलं तेव्हा तो व्हॅनमध्ये आडवा पडला होता आणि शेजारी नवी शेगडी धगधगत होती. थंडी म्हणून त्यानं दार, काचा सगळं लावून घेतलं होतं. बंद जागेत कोळसा माणूस मारतो, हे बाळंतिणीची शेगडी पेटवलेल्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. मी त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

तो मनीषनगरातला माझा शेजारी. जुन्या व्हॅनमध्ये पलंग आणि ओटा बसवून तो देश फिरणार होता. व्हॅन मात्र फाटकापासून हलली नव्हती, कारण शेगडीच ठरत नव्हती. रोज कुंपणावरून हाक मारायचा.

"काकू, गॅसची घेऊ का कोळशाची? कोळशावर वांग्याले चव येते. पण चौघांपुरती पाहिजे."

"चौघं कोण गा? तू तं एकटाच."

"मिळतीन ना रस्त्यात!"

आणि स्वतःच हसायचा.

त्या संध्याकाळी वांगं करपल्याचा वास आला, हाक मात्र आली नाही, म्हणून मी गेले.

बऱ्याच वेळानं तो खोकला. चौघांच्या त्या शेगडीवर एकच वांगं होतं. व्हॅनमध्ये दुसरं कोणी नव्हतं. तो वाचला.