फोटोपुरता चष्मा

"काढ तो चष्मा. उद्या तेलगावच्या शिबिरात लागतो."

मांडवामागे साखर कारखान्याचा माणूस माझ्यापुढे हात पसरून उभा होता. दुसऱ्या हातात खोका. माझ्याआधी ज्या म्हाताऱ्यांना स्टेजवर चष्मे मिळाले, त्यांचे चष्मे त्यात परत येऊन पडले होते.

माझा चष्मा चेअरमनसाहेबांनी स्वतः माझ्या नाकावर चढवला होता. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. "चष्म्याचा विमा उतरवलाय, फुटला तर कारखाना नवा देईल," असं ते माईकवर म्हणाले होते.

नातवंडांनो, मी तेव्हा शिरूर कासारला आठवीत होते. दुष्काळ होता. आईवडील ऊसतोडीला गेलेले, मी मावशीकडे. फळा मला धुरकट दिसायचा, म्हणून शाळा सोडायची वेळ आली होती. आठवड्यापूर्वी कारखान्याच्या शिबिरात डोळे तपासले, नंबर निघाला. शाळा वाचली असं वाटलं.

चष्मा लावून स्टेजवरून उतरताना जमीन खालीवर झाली. पायरी चुकली. "नवा आहे, सवय होईल," आमच्या इंग्रजीच्या बाई म्हणाल्या. बाईंवर माझा आईपेक्षा जास्त विश्वास.

मी त्या माणसाला म्हटलं, "पण विमा आहे ना?"

तो हसला. "विमा चष्म्याचा हाय पोरी, तुझ्या डोळ्यांचा न्हाई."

मी माझ्यासोबत मांडवामागे आलेल्या बाईंकडे पाहिलं. त्या पदर नीट करत होत्या. "दे बरं. तसाही तो तुझ्या नंबरचा नाही. फोटोपुरता होता. आता तुला इंग्रजीतून आभार मानायचेत, शहाण्यासारखी वाग."

म्हणजे त्यांना माहीत होतं. आठवडाभर माझ्याकडून भाषण घोकून घेताना, एकेक उच्चार सुधारताना.

त्यानं चष्मा ओढून घेतला. कानामागे ओरखडा उठला.

माझं नाव पुकारलं. भाषण तोंडपाठ होतं. समोरचे चेहरे पुसट. मी मराठीत बोलले. "चष्मे मांडवामागे परत काढून घेतले. माझाही. मी आभार मानणार नाही."

माईक बंद झाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला शेवटच्या बाकावर पाठवलं. मी गेले नाही. फळ्याखाली, फरशीवर जाऊन बसले.

"ऊठ. लाज नाही वाटत?"

"इथून अक्षर दिसतं, बाई. मी शिकणार आहे. उठवायचं तर ओढून उठवा."